बिघडवण्याची मुभा

१९९० सालच्या आसपासची गोष्ट. अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅलीत एका लहानशा कंपनीने सात केबल जोडता येतील अशी एक पेटी बाजारात आणली. कंपनीचे नाव होते ‘कल्पना’. विनोद भारद्वाज हे भारतीय वंशाचे उद्योजक आणि लॅरी ब्लेअर या दोघांनी ती काढली होती, आणि नाव दिले होते भारद्वाजांच्या पत्नीचे. अनेक संगणकांना एकमेकांशी बोलू देणारा, पण ज्याचे बोलणे त्यालाच पोचवणारा असा हा पहिला ‘ईथरनेट स्विच’. १९९४ साली सिस्को या बलाढ्य कंपनीने ‘कल्पना’ विकत घेतली आणि ते सुरेख नाव मागे पडले. पेटी मात्र राहिली, वाढली आणि जगभर पसरली. आज आपण बँकेत पासबुक भरून घेतो किंवा रुग्णालयात रक्ताच्या तपासणीचा अहवाल मागतो, तेव्हा आपले काम कुठल्या तरी कपाटातल्या अशाच एका पेटीतून जात असते. तिच्याकडे कोणी पाहत नाही. ती बंद पडली की मात्र खिडकीपलीकडून उत्तर येते, ‘सिस्टिम बंद आहे, उद्या या.’

हा लेख त्या पेटीच्या उत्तरायुष्याबद्दल आहे. कचेऱ्यांनी काढून टाकलेले स्विच विकत आणायचे आणि घरातल्या एका कोपऱ्यात त्यांची छोटी प्रयोगशाळा मांडायची, हा उद्योग जगात अनेक ठिकाणी हौसेने चालतो. आपल्याकडेही मुंबई-पुणे-बंगळूरची तरुण मंडळी तो करतात. आमच्या घरी तो झाला तेव्हा त्यामागे हौसेपेक्षा गरज अधिक होती. त्यातून जे हाती लागले ते ज्यांच्या घरात संगणक शिकणारी मुले-मुली आहेत अशा वाचकांना उपयोगी पडेल असे वाटते, म्हणून हा खटाटोप.

वाड्यातला पोस्टमन

आधी स्विच म्हणजे काय ते पाहू. भिंतीवरच्या दिव्याच्या बटणाशी त्याचा काही संबंध नाही. संगणकांचे जाळे विणण्याची ‘ईथरनेट’ ही पद्धत रॉबर्ट मेटकाफ यांनी १९७३ साली झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातल्या संशोधन केंद्रात मांडली आणि डेव्हिड बॉग्ज यांच्या साथीने प्रत्यक्षात आणली. तेव्हा सगळे संगणक एकाच केबलला लटकलेले असत. एकाने काही पाठवले की ते सगळ्यांच्या कानावर जाई, आणि दोघे एकाच वेळी बोलले की दोघांचेही बोलणे वाया. पुढे ‘हब’ आला, पण त्याचीही रीत तीच. एखाद्या पोस्टमनने वाड्याच्या चौकात उभे राहून प्रत्येक पत्र मोठ्याने वाचावे आणि ज्याचे असेल त्याने ऐकावे, तसा हा प्रकार होता.

स्विच हा शहाणा पोस्टमन. प्रत्येक संगणकाच्या जाळ्याच्या जोडणीला कारखान्यातच एक बारा अक्षरी क्रमांक मिळालेला असतो. एखाद्या संगणकाने काही पाठवले की स्विच पाठवणाऱ्याचा क्रमांक वाचतो आणि हा अमुक दारातून, म्हणजे अमुक पोर्टवरून आला, अशी आपल्या वहीत नोंद करतो. पुढच्या वेळी त्याच्यासाठी काही आले की थेट त्याच पोर्टवर नेऊन देतो. नाव ओळखीचे नसेल तर एकदाच सगळ्या दारांवर विचारतो, उत्तर आले की लिहून ठेवतो. आणि पाच मिनिटे एखाद्याचा आवाज आला नाही तर त्याची नोंद खोडून टाकतो. घरच्या राउटरमध्येही असा चार दारांचा छोटा स्विच दडलेला असतो. त्याला काही सांगावे लागत नाही, आणि सांगू म्हटले तरी बहुधा सांगता येत नाही.

कचेरीतला स्विच वेगळा. त्याला चोवीस किंवा अठ्ठेचाळीस पोर्ट असतात, पोलादी अंग असते आणि तो एकोणीस इंची चौकटीत स्क्रूने बसतो. मुख्य म्हणजे त्याला आज्ञा देता येतात. कोणते दार कोणासाठी, कोणी कोणाशी बोलायचे, एक वाट तुटली तर दुसरी कोणती घ्यायची, हे सगळे त्याला शिकवावे लागते. ते शिकवता येणाऱ्या माणसाला नोकरी असते.

जुने म्हणजे मोडके नव्हे

माझी सारी नोकरी एका सहकारी बँकेच्या संगणक विभागात गेली. असे स्विच मी कित्येक बसवले आणि कित्येक उतरवले. उतरवलेल्यांपैकी मोडलेले फारच थोडे असत. बहुतेकांची निवृत्ती वयोमानानुसार होई. कंपनी जाहीर करते की अमुक तारखेनंतर या मॉडेलसाठी सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार नाहीत. मग लेखापरीक्षक आक्षेप घेतात आणि ठणठणीत चालणारी पेटी कपाटाबाहेर येते. कचेरीच्या दृष्टीने हे योग्यच आहे, कारण लोकांचे पैसे ज्या वाटेने जातात तिथे डागडुजी बंद झालेले यंत्र ठेवू नये.

उतरवलेला माल लिलावात जातो आणि तिथून मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत, दिल्लीत नेहरू प्लेसला आणि बंगळूरला एस. पी. रोडवर येऊन पडतो. एकेकाळी मोठ्या किमतीला घेतलेली वस्तू तिथे चांगल्या सायकलीपेक्षाही स्वस्तात मिळते.

हे सारे मला ठाऊक होते, पण निवृत्तीनंतर यातले काही घरी आणावे असे कधी मनात आले नव्हते. कारण झाली माझी पुतणी. धाकटे दीर दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग करतात. त्यांची मुलगी संगणक अभियांत्रिकी चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली. महाविद्यालयात जाळ्याचा विषय होता, प्रात्यक्षिकेही होती, पण सगळी पडद्यावरची. ‘पॅकेट ट्रेसर’ नावाच्या कार्यक्रमात स्विचची चित्रे येतात, उंदराने केबल ओढायची आणि आज्ञा लिहायच्या. कार्यक्रम उत्तम आहे, फुकट मिळतो आणि तासन् तास सराव करता येतो. खरे स्विच महाविद्यालयात होते, पण काचेच्या कपाटात कुलूपबंद. परीक्षक आले की कपाट उघडे आणि ते गेले की बंद होई. विद्यार्थ्यांच्या हाताने बिघडतील ही भीती!

मुलाखतीला गेली तेव्हा तिला विचारण्यात आले, ‘स्विचचा पासवर्ड कोणालाच माहीत नसेल तर काय कराल?’ तिने पुस्तकातले उत्तर बरोबर सांगितले. पुढचा प्रश्न आला, ‘कधी केलंय का स्वतः?’ तिथे गाडी अडली. अशा तीन मुलाखती झाल्या. २०२३ च्या दिवाळीत दीर म्हणाले, ‘‘वहिनी, बागेचा माल उतरेपर्यंत थांबतो. तोवर काही जमलं तर ठीक, नाहीतर स्थळं बघायला लागू.’’ ते काही दुष्टपणाने बोलत नव्हते. शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता सुरू झाला होता आणि त्या पावसाळ्याने बागेला दगा दिला होता. माल उतरायचा म्हणजे एप्रिल. मी तिला म्हटले, ‘‘पाच महिने आहेत. बॅग भर आणि पुण्याला ये.’’

तपकीर गल्लीतली खरेदी

आम्ही तीन स्विच घेतले. दोन सिस्कोचे कॅटॅलिस्ट २९६०, चोवीस पोर्टचे. तिसरा ३५६०, जो स्विचचे काम करतोच, शिवाय निरनिराळ्या जाळ्यांमध्ये वाट दाखवण्याचे राउटरचे कामही करतो. तिघांचे मिळून नऊ हजार रुपये दिले. ही मॉडेल जुनी आहेत आणि पोर्टचा वेगही आजच्या मानाने कमी आहे. पण आज्ञांची भाषा बरीचशी तीच आहे, आणि भाषाच तर शिकायची होती.

दुकानदार तरुण होता. म्हणाला, ‘‘ताई, सोसायटीच्या कॅमेऱ्यांसाठी का?’’ मी सांगितले, ‘‘नाही, ही शिकणार आहे.’’ त्यावर त्याने अठ्ठेचाळीस पोर्टचा एक धिप्पाड स्विच, जो आम्ही नुसता पाहत होतो, तो स्वतःहून बाजूला सारला. ‘‘हा घरी नेऊ नका. रात्री झोप लागणार नाही.’’ अशी माणसे बाजारात भेटतात, हे लिहून ठेवले पाहिजे.

जुना स्विच घेताना काय बघावे? तो दुकानातच चालू करायला सांगावा. सुरू व्हायला काही मिनिटे लागतात, तेवढे थांबावे. पुढचा ‘सिस्टिम’चा दिवा हिरवा स्थिर झाला पाहिजे. पंख्याचा आवाज एकसारखा हवा. खरखर येत असेल तर पंखा जायला आला आहे. पोर्टमध्ये बॅटरीचा झोत टाकून आतल्या सोनेरी तारा वाकलेल्या नाहीत ना ते पाहावे. आपला लॅपटॉप आणि केबल बरोबर नेऊन निदान पाच-सहा पोर्ट तपासावेत. आणि मागच्या बाजूचे ‘कन्सोल’ लिहिलेले दार शाबूत आहे याची खात्री करावी, कारण पहिली ओळख तिथूनच होते.

परक्या घराची किल्ली

कन्सोलला लागते ती फिकट निळी चपटी केबल. तिच्या दुसऱ्या टोकाला नऊ पिनांचा जुना जोड असतो, जो आजच्या लॅपटॉपला नसतोच, म्हणून यूएसबीचा एक छोटा जोड घ्यावा लागतो. वेग ९६०० वर ठेवायचा. हे जमले की काळ्या पडद्यावर ओळी सरकू लागतात. पडद्यावरच्या चित्रांवर वाढलेल्या पुतणीला तो क्षण मोठा वाटला. ‘‘काकू, हा खरंच बोलतोय,’’ ती म्हणाली.

पण बोलून झाल्यावर त्याने पासवर्ड मागितला. म्हणजे मुलाखतीतला प्रश्नच समोर उभा राहिला. उपाय असा : वीज काढायची, पुढचे ‘मोड’ बटण दाबून धरायचे आणि तसेच धरून वीज पुन्हा द्यायची. स्विच अर्धवट जागा होतो. मग त्याची स्मृती उघडायची, ज्या फायलीत जुन्या आज्ञा आहेत तिचे नाव बदलायचे आणि त्याला पुढे चालू द्यायचे. जुनी फाईल त्या नावाने सापडत नाही, म्हणून तो पासवर्डही मागत नाही. पुतणीने त्या संध्याकाळी हे सात-आठ वेळा केले. पहिल्यांदा वीस मिनिटे लागली, शेवटी चार.

एका स्विचमध्ये मात्र वेगळेच काही निघाले. नाव बदललेली फाईल वाचली तेव्हा तो आधी कुठे होता ते सगळे समोर आले. कचेरीचे नाव, मजला, लेखा विभागाच्या संगणकांचे पत्ते, व्यवस्थापकांच्या खोलीची जोडणी. पासवर्डही होता आणि तो अशा जुन्या पद्धतीने झाकलेला होता की उलगडायला क्षणभर पुरावा. पुतणीला गंमत वाटली. मी तिला म्हटले, ‘‘भाड्याच्या घरात आधीच्या बिऱ्हाडाची तिजोरीची किल्ली सापडली तर काय करशील?’’ तिने ती फाईल पुसली. व्हीलॅनची यादी वेगळ्या फाईलमध्ये असते आणि नेहमीच्या पुसण्याने ती जात नाही, तीही पुसली.

हा काही अपवादात्मक प्रकार नव्हे. इसेट या संगणक-सुरक्षा कंपनीने वापरलेले राउटर विकत घेऊन तपासले आणि २०२३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. तपासलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक यंत्रांत आधीच्या मालकांची नाजूक माहिती तशीच होती. जुने कागद जाळणाऱ्या कचेऱ्या जुन्या पेट्या मात्र न पुसता विकतात.

न बांधलेल्या भिंती

पुढचा धडा ‘व्हीलॅन’चा. एकाच स्विचला जोडलेल्या संगणकांत न दिसणाऱ्या भिंती घालायच्या. पुतणीने लॅपटॉप दहा क्रमांकाच्या गटात ठेवला आणि आमचा जुना डेस्कटॉप वीस क्रमांकाच्या. दोन्ही केबल एकाच पेटीत शेजारी शेजारी, पण एकाची हाक दुसऱ्याला जाईना. दोन स्विच जोडले की एकाच केबलवरून अनेक गटांची टपाल-पिशवी जाते. मग कोणते पत्र कोणत्या गटाचे हे कळावे म्हणून प्रत्येकावर चार बाइटची चिठ्ठी डकवली जाते. ही चिठ्ठी १९९८ साली प्रमाणित झाली आणि तिच्या हिशेबाने ४०९४ गट करता येतात. मग ३५६० ला मधे घालून त्या भिंतीला दार पाडले, आणि दारावर कोणाला सोडायचे व कोणाला नाही याची यादी लावली.

घरच्या दृष्टीनेही यात अर्थ आहे. स्वस्त कॅमेरे, टीव्ही, पाहुण्यांचे मोबाईल आणि ज्यावरून आपण बँकेचे व्यवहार करतो तो संगणक हे सगळे एकाच खोलीत कशाला ठेवायचे?

घरातले सर्वांत जुने माणूस

मला स्वतःला सर्वांत रमवणारा धडा पुढचा. दोन स्विच एका केबलने जोडले आणि ती केबल तुटली तर सगळे ठप्प. म्हणून दोन केबल जोडाव्यात. पण मग वर्तुळ तयार होते. ‘अमुक कोण आहे?’ अशी सगळ्यांना घातलेली हाक त्या वर्तुळात शिरली की फिरतच राहते, तिच्या प्रती वाढत जातात आणि क्षणात सारे जाळे आपल्याच आवाजात बुडते. यावर १९८५ साली रेडिया पर्लमन या अमेरिकन संगणकतज्ज्ञ बाईंनी तोडगा काढला. स्विचांनी आपसांत बोलून एक प्रमुख निवडायचा आणि त्याच्यापासून झाडाच्या फांद्यांसारख्या वाटा ठरवायच्या. जी वाट वर्तुळ करते ती मिटून ठेवायची आणि गरज पडली तरच उघडायची. याला ‘स्पॅनिंग ट्री’ म्हणतात. बाईंनी या युक्तीवर एक छोटी कविताही केली.

पुस्तकात हे चार आकृत्यांत संपते. प्रत्यक्षात मात्र ते डोळ्यांना दिसते. दुसरी केबल लावली की तिचा दिवा नारिंगी होतो आणि तसाच राहतो. पहिली केबल उपटली की आपण श्वास रोखून बघत राहतो. पंधरा सेकंद तो ऐकतो, पंधरा सेकंद शिकतो आणि तिसाव्या सेकंदाला नारिंगीचा हिरवा होतो. पुतणी बोटांवर सेकंद मोजत होती आणि शेजारी बसून तिचे काकाही.

यात एक मौज आहे. प्रमुख कोण हे आपण सांगितले नाही, तर ज्याचा कारखान्यातला क्रमांक सर्वांत लहान तो प्रमुख होतो. लहान क्रमांक बहुधा जुन्या यंत्राचा असतो. म्हणजे नवे, वेगवान स्विच आणून बसवले तरी कोपऱ्यातला सर्वांत म्हातारा स्विच कर्ता होऊन बसतो आणि सगळ्यांनी त्याच्या सोयीने चालायचे! आमच्या कोठीतही अगदी हेच झाले. पुतणी हसत म्हणाली, ‘‘काकू, आमच्या दिंडोरीच्या घरासारखंच की.’’ स्विचांच्या बाबतीत इलाज सोपा असतो : एक आज्ञा लिहून कर्तेपण हवे त्याला द्यायचे.

मग आम्ही जे कुठल्याही कचेरीत करता येत नाही ते केले. दोन्ही स्विचांवरचा हा पहारा मुद्दाम बंद केला आणि दुसरी केबल जोडली. पाहता पाहता सगळे दिवे एकदम लुकलुकू लागले, लॅपटॉपची हाक पोचेनाशी झाली आणि कन्सोलवर लिहिलेले अक्षरही उशिरा उमटू लागले. पुतणी घाबरली. ‘‘जळेल का?’’ नाही जळत. केबल काढली की काही क्षणांत सारे शांत.

हे वादळ खऱ्या जगात काय करते याचे उदाहरण नोंदलेले आहे. २००२ च्या नोव्हेंबरात बॉस्टनमधल्या बेथ इस्रायल डिकनेस या मोठ्या रुग्णालयाचे जाळे स्पॅनिंग ट्रीच्या गोंधळामुळे सुमारे चार दिवस कोलमडले होते. डॉक्टर आणि परिचारिका पुन्हा कागदावर आल्या, अहवाल हातोहात पोचवावे लागले. ज्याने हे वादळ घरी एकदा स्वतः उठवून शमवले आहे, तो उद्या कचेरीत ते दिव्यांच्या चालीवरून ओळखेल. ज्याने फक्त वाचले आहे तो आधी पुस्तक शोधेल.

आवाज, वीज आणि धूळ

आता घरच्या अडचणी. हे स्विच बंद कपाटात राहायला जन्मलेले असतात. त्यांचे पंखे छोटे आणि भन्नाट फिरणारे. सुरू होताना तर मिक्सर लावल्यासारखा आवाज. दिवाणखान्यात ठेवण्याची कल्पना आमच्या घरी एका दुपारीच बारगळली. शेवटी कोठीच्या खोलीत, खिडकीशी, हवा खेळेल अशा जागी लोखंडी मांडणीवर त्यांची सोय केली. ज्यांची घरे लहान आहेत त्यांनी बिनपंख्याचा आठ पोर्टचा स्विच शोधावा. आज्ञा त्याच्याही तशाच असतात.

विजेचा हिशेब आधी करावा. चोवीस पोर्टचा २९६० साधारण तीस वॅट घेतो. महिनाभर दिवसरात्र चालला तर एकवीस-बावीस युनिट. कॅमेऱ्यांना आणि फोनना केबलमधूनच वीज पुरवणारे मोठे स्विच शंभर वॅटच्या घरात गेले तर बहात्तर युनिट, आणि हे बिलात दिसते. पण अभ्यासाचे यंत्र चोवीस तास कशाला चालू हवे? रोज दोन तास चालवले तर तोच शंभर वॅटचा स्विच महिन्याला सहा युनिट घेईल.

दोन सूचना जिवाच्या काळजीने. अंग लोखंडी असते, म्हणून अर्थिंग असलेल्या तीन पिनांच्या सॉकेटलाच जोडावे. आणि धूळ झाडायची ती बाहेरून. आतला विजेचा भाग उघडू नये, वीज काढल्यावरही त्यात काही काळ भार राहतो.

तिसरी सूचना सुरक्षेची. ज्याच्या दुरुस्त्या थांबल्या आहेत तो स्विच इंटरनेटच्या दारात उभा करू नये. २०१८ च्या एप्रिलमध्ये सिस्कोच्या जुन्या स्विचांतली ‘स्मार्ट इन्स्टॉल’ ही सोय वापरून कोणीतरी इराण आणि रशियातले बरेच स्विच पुसून टाकले होते. ही सोय बंद करता येते आणि ती बंदच करावी. प्रयोगशाळेचे जाळे घरच्या राउटरमागे, शक्यतो त्यापासून तोडूनच ठेवावे.

एका केबलची गोष्ट

फेब्रुवारीतली एक घटना सांगते. पुतणी केबलची टोके स्वतः बसवायला शिकली होती. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी हा क्रम तिला पाठ झाला होता. तिने केलेली एक केबल स्विचच्या चोवीसही पोर्टवर व्यवस्थित चाले; पण कडेच्या दोन वेगवान पोर्टना लावली की तिथे मात्र गिगाबिटचा वेग मिळेना. आज्ञा तपासल्या, स्विच बदलला, लॅपटॉप बदलला. दोन दिवस ती यामागे होती. मला अंदाज आला होता, पण मी गप्प राहिले.

तिसऱ्या दिवशी तिने स्वतःच शोधले. शंभर मेगाबिटच्या वेगाला केबलमधल्या चारांपैकी दोनच जोड्या लागतात, गिगाबिटला चारही. तिच्या केबलची तपकिरी जोडी टोकाशी नीट दाबली गेली नव्हती. बाकीच्या चोवीस पोर्टना त्या जोडीची गरजच नव्हती, म्हणून दोष झाकला गेला होता. पडद्यावरच्या चित्रातली केबल कधी अर्धवट तुटत नाही. ती एक तर असते नाहीतर नसते. अर्धवट तुटलेली केबल फक्त खऱ्या जगात असते आणि नोकरीतला निम्मा वेळ तिलाच शोधण्यात जातो.

मार्चमध्ये चौथी मुलाखत झाली. तिथे एक छोटा स्विच आणि दोन संगणक मांडून ठेवले होते आणि ‘हे का चालत नाही ते बघा,’ एवढेच सांगितले होते. इतर उमेदवार कीबोर्डकडे वळले. हिने आधी केबल उचलून तिचे टोक उजेडात धरले. तिथे दोष नव्हता. तो व्हीलॅनमध्ये होता आणि तोही तिला सापडला. पण तिला घेतले ते त्या पहिल्या हालचालीमुळे, असे तिला नंतर तिथल्याच एकांनी सांगितले. पगार सुरुवातीचा आहे, पाळी रात्रीची आहे. दिरांना फोन केला तेव्हा बागेत शेवटची खुडणी चालू होती. ‘‘बरं झालं,’’ म्हणाले आणि थोडा वेळ काहीच बोलले नाहीत.

कपाटे उघडा

नऊ हजार रुपयांनी सगळ्यांना नोकऱ्या लागतील असे म्हणण्याचा भाबडेपणा मी करणार नाही. तिचा पाया पक्का होता आणि मेहनत तिची होती. जाळ्याचे बरेचसे काम आता दूरच्या मोठ्या केंद्रांत सरकत आहे, हेही खरे. पण तिला जे कमी पडत होते ते ज्ञान नव्हते. चालते यंत्र मुद्दाम बिघडवून पुन्हा नीट करण्याची मुभा तिला कधी मिळाली नव्हती. बँकेत माझ्या हाताखाली आलेल्या मुलांना मीही तीच ताकीद देत असे : चालू यंत्राला हात लावायचा नाही. तिथे ती बरोबरच होती. म्हणून तर हात लावता येईल अशी जागा दुसरीकडे कुठे तरी असली पाहिजे.

कचेऱ्यांकडे ती जागा देण्याचे साधन आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांनुसार मोठ्या संस्थांनी आपला असा कचरा नोंदणी झालेल्यांकडेच सोपवायचा असतो आणि ते योग्य आहे. पण चालता स्विच कचरा ठरण्याआधी त्याची स्मृती नीट पुसून तो जवळच्या तंत्रनिकेतनाला किंवा आयटीआयला देता येणार नाही का? आणि महाविद्यालयांनी, तुमच्या काचेच्या कपाटातले स्विच असेही जुने होतच आहेत. विद्यार्थ्यांच्या हाताने बिघडण्याऐवजी ते कुलपाआड कालबाह्य झाले तर त्यात नेमके काय वाचले?

आमचे तीन स्विच अजून कोठीत आहेत. सोसायटीतल्या इस्त्रीवाल्यांचा मुलगा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, शनिवार-रविवार येतो. परवा दोन तास त्याच्याकडून स्विच चालू होईना. मला हाक मारली नाही. मीही गेले नाही.